भिंगरीवाल्या मॅडम आणि आमची उघडी दारं

मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की आधी हवा कुठून येते ते बघायच्या, माणसं मागाहून. समोर घरची बाई "या ना, आत या" म्हणत उभी आहे आणि या मात्र चौकटीत थांबून, डोळे मिटून, गालाला वारा लागतोय का ते अजमावतायत, हे मी निदान शंभरदा तरी पाहिलं असेल. मग खांद्यावरच्या झोळीतून एक वीतभर यंत्र निघायचं. त्याच्या टोकाला जत्रेतल्या भिंगरीसारखं इवलंसं पातं. ते फिरलं की मॅडमचा चेहरा उजळायचा. "आहे, आहे!" असं स्वतःशीच म्हणून झालं की मग "नमस्कार वहिनी, कशा आहात?" लालबागच्या आमच्या चाळीत माणसाला नाव पडायला वेळ लागत नाही. पहिल्याच दुपारी त्या भिंगरीवाल्या मॅडम झाल्या. त्यांना हे कळलं तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या, की संस्थेतल्या आपल्या खोलीच्या पाटीखाली त्यांनी पेन्सिलीने ते लिहूनही टाकलं.

त्या डिझाइन शिकवणाऱ्या एका मोठ्या संस्थेत प्राध्यापक होत्या. मूळच्या गिरगावातल्या, लग्नानंतर दादरला आलेल्या. बोलणं शुद्ध, साडी सुती आणि पायात मात्र कॅनव्हासचे पुरुषी बूट, कारण दिवसाला दहा जिने चढायचे. त्यांचा विषय 'शाश्वत नागरी जीवन'. हे शब्द आईने पहिल्यांदा ऐकले तेव्हा तिने चहाचं भांडं खाली ठेवून विचारलं, "म्हणजे नेमकं काय हो?"

"शहरात कमी जागेत, कमी विजेवर, कमी पाण्यात सुखानं कसं राहायचं, त्याचा अभ्यास," मॅडम म्हणाल्या.

"एवढंच? मग पुस्तकं कशाला वाचत बसता? आमच्यात येऊन राहा."

आईने हे थट्टेने म्हटलं होतं. मॅडम हसल्या नाहीत. "म्हणूनच आलेय, वहिनी," असं म्हणून त्यांनी सरळ जमिनीवर बैठक मारली.

मी त्यांच्याकडे लागले ती एका जाहिरातीमुळे. समाजशास्त्रात बी.ए. करून दादरच्या एका क्लासमध्ये चौकशीच्या टेबलावर बसत होते. 'गिरणगावात राहणारी, मराठी उत्तम लिहिणारी साहाय्यक हवी' असं वाचलं आणि गेले. मुलाखतीत मला वाटलं, शिक्षण विचारतील, इंग्रजी तपासतील. त्यांनी विचारलं, "घराला दारं किती, खिडक्या किती?" म्हटलं, एक दार, एक खिडकी. "समोरासमोर?" आता सव्वीस वर्षं त्या घरात राहून हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. डोळे मिटून घर आठवावं लागलं. म्हटलं, हो, समोरासमोर. मॅडम म्हणाल्या, "मग तू श्रीमंत आहेस. या इमारतीतल्या एकाही प्रोफेसरच्या घराला ते नाही." एकशे ऐंशी चौरस फुटांत वाढलेल्या मुलीला कुणी श्रीमंत म्हटलं तर तिचं काय होतं हे मी सांगत बसत नाही. मी त्या दिवसापासून त्यांची झाले.

त्यांचं शिकवणं अजब होतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला कफ परेडच्या मच्छीमार नगरात नेलं. म्हटलं, आता कोळणींच्या मुलाखती घ्यायच्या असणार. मी वीस प्रश्न लिहून नेले होते. मॅडमनी तो कागद घेऊन घडी करून झोळीत टाकला. "विचारू नकोस, बघ," म्हणाल्या. "विचारलं की माणूस आपल्याला बरं वाटेल ते सांगतो. खरं काय ते त्याचे हात सांगतात." मग वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांसमोर आम्ही दोघी दोन तास नाकाला पदर लावून बसलो. एका म्हातारीने उठून चार काठ्या जरा तिरक्या केल्या, बस्स. मॅडमनी माझा दंड धरला. "बघितलंस? वारा फिरला. आपल्याला कळलाही नाही." येताना बसमध्ये आमच्या दोघींच्या शेजारी कुणी बसेना आणि मॅडम खिदळत होत्या.

खर्चिक यंत्रांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. हिंदमाताला साड्यांच्या दुकानात जाऊन त्यांनी सगळ्यात तलम कापड काढायला लावलं आणि त्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडून मागितल्या. दुकानदार भांबावला. "मॅचिंग कशाला पाहिजे, ताई?" "वाऱ्याला," मॅडम म्हणाल्या. त्या पट्ट्या आम्ही चाळीतल्या सात घरांच्या चौकटींना, खिडक्यांना, मोरीच्या झरोक्यांना बांधल्या. पट्टी आत उडाली तर वारा आत, बाहेर उडाली तर बाहेर. आठवडाभर आमचा मजला लग्नघरासारखा दिसत होता. भिंतीवर तापमान टिपणाऱ्या काडेपेटीएवढ्या डब्याही लावल्या होत्या. परबकाकूंनी धूळ बसू नये म्हणून त्यांच्याकडच्या डबीला लोकरीचं झाकण विणलं. त्या घरचं तापमान दोन दिवस सगळ्यांहून वेगळं का येतंय म्हणून मॅडम हैराण झाल्या होत्या. कारण कळल्यावर हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी झाकण काढलं ते काकूंच्या हाताचं कौतुक करूनच.

माझं काम एका दोनशेपानी वहीत होतं. सात घरं, रोज एक. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचं आणि दर अर्ध्या तासाला एक ओळ लिहायची. कोण कुठे बसलंय, काय करतंय, दार उघडं की बंद, पंखा चालू की नाही. आमचं घर क्रमांक सात. 'साडेसात. दार उघडं. सावंतवहिनी उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडतात. पंखा बंद. वारा आत.' आपल्याच आईला सावंतवहिनी लिहिताना मला सुरुवातीला हसू यायचं. मॅडम म्हणायच्या, "हसू नकोस. तुझी आई इथे फक्त आई नाही. पंख्याचं बटण न दाबता घर थंड कसं ठेवायचं ते कळणारी बाई आहे." आईला मी हे सांगितलं तेव्हा ती दिवसभर उगाचच डबे घासत राहिली. तिला दमा होता. गॅलरीच्या दाराशी, वाऱ्याच्या तोंडी बसली की श्वास निवायचा. तिची जागा तीच होती. बाबा पोस्टात कारकून होते तेव्हापासून तीच.

आता आमच्या दारांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं दारांवरूनच झालं. आमच्याकडे दार उजाडताना उघडायचं आणि झोपताना लावायचं. मधे दार बंद दिसलं तर कुणी आजारी आहे, नाहीतर भांडण झालंय. एकदा आईने ताप आला म्हणून दार ओढून घेतलं तर दहा मिनिटांत तिघीजणी पेज घेऊन हजर. मॅडमना याचं कोण अप्रूप! मात्र एक अपवाद होता. दुपारी जेवणं झाल्यावर, एक ते चार, बहुतेक बिऱ्हाडं दार लोटून आडवी व्हायची. तीन तास नाही म्हटलं तरी माणसाला माणसापासून सुट्टी लागते.

आणि इथेच आम्ही घोळ केला. मॅडम यायच्या त्या दिवशी आई जेवणानंतर पदर खोचून गॅलरीभर फिरायची. "दारं लावू नका गं, मॅडमना वारा मोजायचाय!" झालं. परबकाकू भिंतीला टेकून पेंगायच्या पण दार सताड उघडं. चार नंबरातल्या बाळंतिणीने मधे साडीचा पडदा धरला पण दार नाही लावलं. दारात पाहुणी आणि आपण दार लावायचं, हे कुणाच्या मनाला पटेना. मला हे दिसत होतं. मी मॅडमना सांगितलं, "मॅडम, एरवी दुपारी लावतात सगळी. तुम्ही येता म्हणून उघडी." त्या थबकल्या. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "शाब्बास. हे लिहून ठेव. हीच खरी नोंद." मी लिहून ठेवलं. सात घरांच्या सात पानांवर, खाली रेघ मारून.

दोनेक वर्षांनी बिल्डरकडून पुनर्विकासाचे नकाशे आले. टॉवर होणार हे ठाऊक होतं. त्याला कुणाचा विरोधही नव्हता, छपराच्या गळतीला सगळेच विटले होते. पण नकाशा उलगडला आणि गॅलरीच नाही. मधोमध एक लांब बंद बोळ, दोन्ही अंगांना घरं, आणि प्रत्येक स्वयंपाकघराची खिडकी उघडणार ती आतल्या शाफ्टमध्ये, उभ्या बंदिस्त पोकळीत. म्हणजे दार बोळात, खिडकी बोगद्यात. आई नकाशावर बोट ठेवून एवढंच म्हणाली, "वारा कुठून येणार?" तिला बाकी काही नको होतं. जागा किती वाढते, फरशी कसली, लिफ्ट किती, काही नाही.

परबकाका आमच्या चाळ समितीचे सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त झालेले, शब्द मोजून बोलणारे मालवणी गृहस्थ. ते हरकतीचा अर्ज लिहायला बसले होते, एका ओळखीच्या वास्तुविशारदाला गाठणार होते. मी म्हटलं, काका, मॅडम आहेत की. मॅडम आल्या. मंडळाच्या खोलीत सगळा मजला जमला होता. त्यांनी नकाशा पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे चालणार नाही. एका बाजूला मोकळी गॅलरी हवीच. तुमच्याकडे पुरावा आहे, घराघराचा पुरावा. असा इतर कुणाकडेही नसेल. मी अहवाल लिहून देते, बिल्डरबरोबरच्या बैठकीला स्वतः येते. तुम्ही इकडे तिकडे अर्ज करत फिरू नका, मुद्दा पातळ होतो."

"हरकतीची मुदत महिन्याची आहे, मॅडम," परबकाका म्हणाले.

"माझ्यावर सोडा."

आम्ही सोडलं. त्या बाईने जमिनीवर बसून आमच्यात दोन वर्षं घालवली होती, सोडणार नाही तर काय करणार? काकांनी अर्धा लिहिलेला अर्ज घडी घालून कपाटात ठेवला.

महिना गेला. पहिले दोन आठवडे मॅडम फोन उचलायच्या, "झालंच आहे" म्हणायच्या. मग "मीटिंगमध्ये आहे, करते." मग फोन वाजून वाजून बंद. बैठकीच्या दिवशी सकाळी मेसेज आला, परिषदेसाठी परदेशी जावं लागतंय, क्षमस्व, काळजी करू नका, मी बोलून ठेवलंय. कुणाशी बोलून ठेवलंय ते लिहिलं नव्हतं. बैठकीत आमच्या हातात काहीच नव्हतं. परबकाका उठून बोलले, पण वारा, वारा म्हणून किती बोलणार? समोरचा तरुण इंजिनिअर नम्रपणे म्हणाला, "काका, काही शास्त्रीय असेल तर दाखवा ना." असे तोंडघशी पडलो की विचारू नका. तरी मी घरी येऊन मॅडमची बाजू घेत होते. परिषद असेल हो, मोठी माणसं.

त्यानंतर चारपाच महिन्यांनी नमुन्याचं घर बघायला बोलावलं. तिथे काचेच्या टेबलावर एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक होतं. इमारत किती राहण्यालायक आहे याचा अहवाल. बिल्डरच्या सल्लागार म्हणून मॅडमचं नाव. इंग्रजीत होतं, म्हणून परबकाकांनी माझ्यापुढे सरकवलं. "वाच बघू, काय म्हणता ता." मी वाचायला लागले. लिहिलं होतं, की इथल्या रहिवाशांना दिवसभर, अगदी दुपारीसुद्धा, दारं उघडी ठेवून राहण्याची सवय आहे. त्यामुळे मधल्या बोळातूनही घरांना पुरेशी हवा मिळेल. मोकळ्या गॅलरीची आवश्यकता नाही. आणि शेजारी पानभर फोटो. माझ्या वहीचं पान. घर क्रमांक सात. 'दीड. दार उघडं. पंखा बंद. वारा आत.' वहीत त्याच्या खाली मी रेघ मारून लिहिलेली ओळ होती, मॅडम येणार म्हणून उघडं ठेवल्याची. फोटो तिच्या वरच कापला होता.

"ह्या तुझा अक्षर मां?" काकांनी विचारलं.

म्हटलं, हो.

काकांनी पुस्तक मिटलं, टेबलावर होतं तसं सरळ करून ठेवलं. खाली उतरताना जिन्यात एवढंच म्हणाले, "कोणाक बोलू नको. मी पण बोलणार नाय. लोक मॅडमना काय करतले? तुका धरतले." या माणसाची सेक्रेटरी म्हणून झालेली नामुष्की माझ्यामुळे होती आणि तो मला झाकत होता. मला रडायलाही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

"बस आधी, सुजाता."

"बसायला नाही आले."

"तू रागावली आहेस. बरोबर आहे तुझं. पण ऐक. गॅलरी ते देणारच नव्हते, कुणीही काहीही लिहिलं असतं तरी. मी आत राहिले म्हणून शाफ्ट रुंद झाला. बोळाच्या टोकाला झरोके आले. बाहेर उभं राहून ओरडणं सोपं असतं गं."

हे खरंही असेल. अजूनही मला वाटतं, अर्धं तरी खरं असेल. पण मी विचारलं, "मग ती ओळ का कापलीत?"

"कुठली?"

"दुपारी तुमच्यासाठी दारं उघडी ठेवायचे ती."

मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. "ती अपवादात्मक नोंद होती."

"सातही घरांत होती, मॅडम."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. फार वेळ पुसला. मग म्हणाल्या, "अहवालात सगळंच नाही घालता येत. तू पुढे काम करशील तेव्हा कळेल तुला." आणि मग, याचा मला आजही सर्वांत जास्त राग येतो, अगदी नेहमीच्या मायेने म्हणाल्या, "चहा सांगू?" मी तिथे केसाने गळा कापलात असं तोंडावर बोलायला गेले होते. सबंध रस्ताभर ते वाक्य घोकलं होतं. आणि "येते, मॅडम" म्हणून बाहेर पडले.

मी ते काम सोडलं. आता दादरला एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात आहे. लोकांच्या घरी जाऊन त्यांना काय हवं ते समजून घेणं हे माझं काम. सगळे म्हणतात, तुला हे छान जमतं. जमणारच. मी खुर्चीवर बसत नाही, प्रश्नांचा कागद नेत नाही, चौकटीत थांबते आणि गालाला वारा लागतोय का बघते. माझ्या अंगात जे काही चांगलं आहे त्याच्यातलं अर्धं या बाईने घातलंय. ते काढून टाकता येत नाही, टाकावंसंही वाटत नाही, आणि त्याचाच संताप आहे. वाईट माणसाने फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

टॉवर उभा राहिला. आम्ही चौदाव्या मजल्यावर. बोळात दिवसाही दिवे लागतात. आगीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक दाराला वर एक लोखंडी हात बसवलाय. दार उघडलं की आपणहून मिटतं. ज्या उघड्या दारांच्या भरवशावर मॅडमनी आमची गॅलरी घालवली, ती दारं उघडी ठेवायची सोयच नाही. वीट लावून ठेवली तर सुरक्षारक्षक येऊन काढायला सांगतो. आईच्या उशाशी आता दम्याचा पंप असतो आणि पंखा चोवीस तास चालू. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. ती मला म्हणायची, "तुझ्या मॅडम त्या दिवशी बैठकीला असत्या ना, तर त्या बिल्डरची काय बिशाद होती!" मी हो म्हणायचे.

आणि गेल्या मार्चमध्ये मॅडमचा फोन आला. नंबर अजून पाठ होता. "सुजाता, मला पुढचा टप्पा करायचाय. तीच सात घरं, नव्या इमारतीत. लोक कसे जुळवून घेतात ते. असा अभ्यास कुणी केलेला नाही." मी नाही म्हणायच्या आत आईने, स्पीकरवरचा आवाज ओळखून, आतून ओरडून सांगितलं, "या हो मॅडम! कधी येताय?"

मॅडम आल्या. केस पांढरे, बूट तेच. चौकटीत थांबल्या, डोळे मिटले, आणि यावेळी काही न बोलताच आत आल्या. झोळीतून यंत्र काढलं नाही. आईने त्यांना पंख्याखाली बसवलं, सरबत दिलं, तब्येत विचारली. पाच मिनिटांत मॅडमच्या कपाळावर घाम. त्या पदराने वारा घेऊ लागल्या. आईला ते कसं बघवणार? ती स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन उठली, दार उघडलं आणि मिटू पाहणाऱ्या दाराला पाठ लावून स्टुलावर बसली. "आता येईल बघा जरा," म्हणाली. तिला धाप लागली होती. दार तिच्या पाठीत रुतत होतं आणि ती हसत होती.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग वही उघडली आणि लिहायला लागल्या.

थोड्या वेळाने त्यांनी संमतीपत्र काढलं. आधीच्या वेळी सातही घरांत सही कुठे करायची ते बोट ठेवून मीच दाखवलं होतं. आईने पेन घेतलं, माझ्याकडे बघितलं. "कुठे करू गं?" मी कागदावर हात ठेवला. "नको, मॅडम. हे घर नको." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नाही म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही. कागद उचलला, आईला नमस्कार केला आणि लिफ्टशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. म्हातारी दिसत होती बाई. मला धावत जाऊन त्यांची झोळी घ्यावीशी वाटली. गेले नाही.

आई माझ्यावर अशी कडाडली की बास. घरी आलेल्या माणसाचा असा पाणउतारा, आणि तोही ज्यांनी तुला माणसात आणलं त्यांचा! आत्ता फोन कर, माफी माग. मग मी सगळं सांगितलं. अहवाल, फोटो, कापलेली ओळ. इतकी वर्षं पोटात ठेवलं ते पाच मिनिटांत बाहेर आलं. वाटलं, आता ती मॅडमना लाखोली वाहील आणि माझं ओझं हलकं होईल.

आई त्याच स्टुलावर टेकली. मग म्हणाली, "म्हणजे दुपारच्या उघड्या दारांमुळे गेली गॅलरी?"

"त्यांनी तसं लिहिलं म्हणून गेली, आई."

"पण उघडी ठेवा म्हणून मीच सांगत फिरत होते ना सगळ्यांना."

मी तिला परोपरीने समजावलं. खोटं त्यांनी लिहिलं, ओळ त्यांनी कापली, तू पाहुणचार केलास. ती हो हो म्हणत राहिली, जेवली, औषध घेतलं. मला वाटलं, पटलं. मॅडमना मी बाकी सगळं कधीतरी माफ केलं असतं. शाफ्ट, बोळ, माझं अक्षरसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघाले तर आई आधीच दाराशी, इस्त्रीची साडी नेसून चपला घालत होती. म्हटलं, कुठे निघालीस?

"परबांकडे," ती म्हणाली. "मग चार नंबरवालीकडे. सगळ्यांना सांगून येते, आम्ही मुद्दाम नाही केलं म्हणून."